वेदीवरून भिंतीवर

व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहालयातील आठवे दालन राफाएलचे दालन म्हणून ओळखले जाते. तेथे या महान कलावंताची तीन भव्य चित्रे मांडलेली आहेत. एक प्रभू येशूच्या रूपांतराचे, दुसरे फोलिन्योच्या मरियामातेचे आणि तिसरे मरियामातेच्या स्वर्गातील राज्याभिषेकाचे. जगभरातून आलेले प्रवासी येथे क्षणभर थबकतात, माना उंचावून पाहतात आणि पुढच्या दालनाकडे वळतात. या तीन चित्रांचे प्राक्तन मात्र विलक्षण सारखे आहे. तिन्ही चित्रे वेदीसाठी रंगवलेली होती. तिन्ही चित्रे नेपोलियनच्या इटलीवरील स्वारीनंतर पॅरिसला नेण्यात आली. १८१५ साली फ्रान्सचा पाडाव झाल्यावर तिन्ही चित्रे इटलीत परतली. आणि तिन्हींपैकी एकही चित्र आपल्या मूळ वेदीवर पुन्हा गेले नाही.

वेदीचित्राचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. त्या काळी धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्साबलिदान अर्पण करीत असे. पवित्र भाकर उंचावली जाई, त्या वेळी मागे उभ्या असलेल्या भाविकाला त्या भाकरीच्या पाठीशी रूपांतरित प्रभूची तेजस्वी आकृती दिसे. चित्र आणि उपासना यांची अशी गाठ पडलेली असे. चित्रकाराने रंग निवडले होते ते मेणबत्तीच्या उजेडासाठी, आणि आकृत्यांची उंची ठरवली होती ती गुडघे टेकलेल्या माणसाच्या नजरेसाठी.

हे चित्र वेदीवरून भिंतीवर कसे आले, कोणी आणले, कोणत्या अधिकाराने आणले आणि परत आल्यावरही ते वेदीवर का गेले नाही, हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. कारण आज जगातील थोर संग्रहालयांसमोर उभा असलेला 'हे कोणाचे?' हा प्रश्न युरोपात प्रथम मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो याच प्रकरणात. त्याचे जे अर्धेमुर्धे उत्तर त्या वेळी मिळाले, तेही आपल्या विचारास खाद्य पुरविणारे आहे.

राजवाड्यातून रयतेकडे

कलावस्तूंचा संग्रह करण्याची हौस जुनी आहे. तो सर्वांना पाहता यावा ही कल्पना त्यामानाने अर्वाचीन. या बाबतीत रोमचा मान पहिला आहे. १४७१ साली पोप चौथे सिक्स्टस यांनी प्राचीन ब्राँझ शिल्पे रोमच्या जनतेला बहाल केली आणि ती कॅपिटोल टेकडीवर ठेवण्यात आली. १४ जानेवारी १५०६ रोजी रोममधील एका द्राक्षमळ्यात लाओकून आणि त्याचे दोन पुत्र यांना सर्पांनी विळखा घातल्याचे संगमरवरी शिल्प सापडले. पोप दुसरे ज्यूलियस यांनी ते पाहण्यासाठी पाठवलेल्या जाणकारांत मायकेल अँजेलो होता. पोपमहाशयांनी ते शिल्प विकत घेऊन व्हॅटिकनच्या बेल्व्हेडेर प्रांगणात मांडले. तेथेच अपोलोचा सुप्रसिद्ध पुतळाही आला. व्हॅटिकन संग्रहालयांचा आरंभ या घटनेपासून मानला जातो. पुढे १७३४ मध्ये कॅपिटोलवरील संग्रह जनतेसाठी खुला झाला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोप चौदावे क्लेमेंट आणि सहावे पायस यांनी त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्राचीन शिल्पांचे मोठे संग्रहालय उभारले. खरेदी, देणगी आणि स्वतःच्या राज्यातील उत्खनन हे या संग्रहाचे प्रमुख मार्ग होते.

फ्रान्समध्ये संग्रहालय जन्माला आले ते क्रांतीच्या पोटी. २ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रसभेने ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. मठ ओस पडले, प्रार्थनामंदिरांतील चित्रे आणि मूर्ती कोठारांत जमा झाल्या. राजाचा संग्रहही राष्ट्राचा झाला. १० ऑगस्ट १७९३ रोजी, राजसत्ता उलथल्याच्या पहिल्या वाढदिवशी, लूव्रच्या राजवाड्यात सार्वजनिक संग्रहालय उघडण्यात आले. जे सौंदर्य आजवर राजाच्या आणि सरदारांच्या डोळ्यांसाठी राखून ठेवलेले होते, ते आता चांभाराला आणि विणकरालाही पाहता येऊ लागले. या कल्पनेत उदात्तता होती, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

परंतु उदात्त कल्पनेला सत्तेचा संसर्ग झाला की तिचे रूप पालटते. १७९४ साली फ्रेंच सैन्याने बेल्जियम जिंकले. अँटवर्पच्या महामंदिरातून रूबेन्सचे 'क्रुसावरून उतरविलेला ख्रिस्त' हे चित्र पॅरिसला नेण्यात आले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने राष्ट्रसभेपुढे भाषण केले. ही चित्रे फार काळ गुलामगिरीच्या नजरेने विटाळली होती. आता ती स्वातंत्र्याच्या माहेरघरी आली आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. नेणाऱ्याला नेहमीच एक तत्त्वज्ञान लागते. आपण उचलत नसून सोडवीत आहोत, अशी त्याची स्वतःची समजूत असावी लागते.

तहाच्या कलमांतून लूट

१७९६ साली सव्वीस वर्षांचा सेनापती नेपोलियन बोनापार्ट इटलीत उतरला. त्याने लुटीला एक नवे शास्त्रशुद्ध रूप दिले. पूर्वीचे सैनिक नगर जिंकल्यावर हाताला लागेल ते घेऊन जात. नेपोलियनने चित्रे तहाच्या कलमांत लिहवून घेतली. पार्माच्या ड्यूकशी झालेल्या युद्धविरामात २० चित्रे मागितली गेली. मोडेनाच्या ड्यूककडेही तेवढीच. २३ जून १७९६ रोजी बोलोन्या येथे पोपमहाशयांच्या प्रतिनिधींशी करार झाला. त्याच्या आठव्या कलमानुसार १०० चित्रे, पुतळे, अर्धपुतळे किंवा कलशपात्रे आणि ५०० हस्तलिखिते फ्रेंच प्रजासत्ताकाला द्यायची होती. निवड फ्रेंच आयुक्तांनी करायची होती. दोन वस्तूंचा मात्र कलमातच नावानिशी उल्लेख होता: कॅपिटोलवरील ज्युनियस ब्रूटसचा ब्राँझचा आणि मार्कस ब्रूटसचा संगमरवरी अर्धपुतळा. एका ब्रूटसने रोममधील राजसत्ता उलथली होती, दुसऱ्याने सीझरवर शस्त्र धरले होते. राजाला वधस्तंभावर चढविणाऱ्या प्रजासत्ताकाला हे दोघे पूर्वज हवे होते.

१९ फेब्रुवारी १७९७ रोजी टोलेंटिनो येथे झालेल्या तहाने या मागणीवर शिक्कामोर्तब झाले. अविन्यों, बोलोन्या, फेरारा आणि रोमान्या हे प्रदेश गेले, प्रचंड खंडणी द्यावी लागली आणि कलावस्तूंचे कलम कायम राहिले. वस्तू निवडणाऱ्या आयोगात अडाणी शिपाई नव्हते. गणितज्ञ मोंज, रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले, वनस्पतिशास्त्रज्ञ तुऑं यांच्यासारखी विद्वान मंडळी होती. त्यांनी विचारपूर्वक शंभर वस्तू निवडल्या: ८३ शिल्पे आणि १७ चित्रे. लाओकून गेला, अपोलो गेला, नाईल आणि टायबर या नद्यांच्या महाकाय प्रतिमा गेल्या. रोममधील मोंतोरिओ टेकडीवरच्या संत पीटरच्या प्रार्थनामंदिरातून राफाएलचे 'रूपांतर' उतरले. व्हालिचेल्लाच्या मरियामंदिरातून काराव्हाज्जोचे 'ख्रिस्ताला कबरेत ठेवताना' हे चित्र उतरले. संत जेरोमच्या एका मंदिरातून त्या संताच्या अखेरच्या कम्युनियनचे दोमेनिकीनोने रंगविलेले चित्र उतरले. फोलिन्योच्या मठातील धर्मभगिनींच्या वेदीवरून मरियामातेचे चित्र गेले आणि पेरूजाच्या फ्रान्सिस्कन मंदिरातून तिच्या राज्याभिषेकाचे.

सहावे पायस वयोवृद्ध होते. त्यांच्या सैन्यात लढण्याचे बळ नव्हते. तहावर सही झाली, कागद पूर्ण कायदेशीर झाला. पण मानेवर तलवार असताना केलेली सही ही संमती असते काय? आणि ज्या तहासाठी रोमने एवढी किंमत मोजली, तो तरी कितपत टिकला? वर्ष सरण्यापूर्वीच, फेब्रुवारी १७९८ मध्ये, फ्रेंच सैन्य रोममध्ये शिरले. पोपमहाशयांना नगराबाहेर नेण्यात आले आणि २९ ऑगस्ट १७९९ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, फ्रान्समधील व्हालॉन्स येथे बंदिवासातच त्यांनी देह ठेवला.

१७९८ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पॅरिसने या लुटीची मिरवणूक काढली. प्राचीन रोमचे सेनापती परदेश जिंकून आले की ज्या थाटात मिरवीत, तोच थाट. पेट्यांनी भरलेल्या गाड्या, त्यांवर आतील वस्तूंची नावे, सोबत पिंजऱ्यातले सिंह आणि चालते उंट. व्हेनिसच्या संत मार्कच्या मंदिरावरील चार ब्राँझचे घोडेही त्यात होते. या कलाकृतींनी आजवर घरे बदलली खरी, पण आता पुन्हा बदलणार नाहीत, अशा आशयाची घोषणा निशाणावर झळकत होती. त्या घोड्यांना हसू आले असेल. १२०४ साली चौथ्या क्रूसयुद्धातील सैनिकांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगर लुटले, तेव्हा तेथून व्हेनिसने त्यांना असेच उचलून आणले होते. चोरावर मोर म्हणतात तो हा प्रकार. पण आपण ख्रिस्ती वाचकांनी हे वाक्य वाचून पुढे सरकू नये, थोडे थांबावे. आपल्या मंदिरांच्या दर्शनी भागावरही लुटीची धूळ बसलेली आहे.

एका विद्वानाची पत्रे

या सर्व गदारोळात फ्रान्समधूनच एक विरोधी आवाज उठला, याची नोंद केली पाहिजे. क्वात्रमेर द क्विन्सी हे कलेचे अभ्यासक आणि श्रद्धावान कॅथलिक. १७९६ साली त्यांनी आपला मित्र सेनापती मिरांडा याला उद्देशून काही पत्रे प्रसिद्ध केली. त्यांचा युक्तिवाद असा होता की रोम हे स्वतःच एक संग्रहालय आहे, आणि त्या संग्रहालयात केवळ पुतळे आणि चित्रे येत नाहीत. तेथील टेकड्या, रस्ते, पडक्या भिंती, तेथील प्रकाश आणि तेथील लोकांच्या चालीरीती हेसुद्धा त्या संग्रहाचे भाग आहेत. तुम्ही पुतळा उचलू शकता. पण त्याला अर्थ देणारे गाव कसे उचलणार? शिवाय कला आणि विद्या ही साऱ्या युरोपची समाईक ठेव आहे. एका राष्ट्राने ती फोडून घरी न्यावी हा विद्येचाच द्रोह आहे.

स्वतःची सेना जिंकत असताना, जयघोषाने आसमंत दुमदुमत असताना, आपल्याच देशबांधवांना 'हे चूक आहे' असे सांगण्याला धैर्य लागते. त्या वेळी त्यांचे कोणी ऐकले नाही. परंतु आज संग्रहालयांविषयी जे काही न्यायाचे बोलले जाते, त्याची बीजे या पत्रांत सापडतात.

शिल्पकाराची वकिली

लूव्रचे नाव पुढे 'नेपोलियन संग्रहालय' असे झाले. १८०९ मध्ये सातवे पायस यांनाही बंदिवान करण्यात आले आणि १८१० पासून पोपदरबाराचे अभिलेखागार तीन हजारांहून अधिक पेट्यांत भरून पॅरिसला रवाना झाले. साऱ्या युरोपची स्मृती एका नगरात गोळा करावी, असे सम्राटाचे स्वप्न होते.

१८१४ साली नेपोलियन पदच्युत झाला. तरीही पॅरिसच्या तहात कलाकृतींविषयी मौन पाळण्यात आले. नव्याने गादीवर बसवलेल्या अठराव्या लुईची अप्रतिष्ठा होऊ नये, असा दोस्त राष्ट्रांचा विचार होता. सम्राट लुटारू ठरला, पण लूट मात्र राजाकडे राहिली! १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली आणि वारे फिरले. प्रशियाच्या सैन्याने वाटाघाटी न करता आपली चित्रे उतरवून नेण्यास आरंभ केला. बळी तो कान पिळी हा न्याय आता फ्रेंचांच्या वाट्याला आला.

पोपमहाशयांजवळ सैन्य नव्हते. त्यांचे मुत्सद्दी सचिव कार्डिनल कॉन्साल्वी यांनी एका शिल्पकाराला वकील म्हणून पाठवले. आंतोनिओ कानोव्हा हे त्या काळातील युरोपातील सर्वश्रेष्ठ शिल्पकार. १८०२ पासून ते पोपराज्यातील ललितकलांचे महानिरीक्षक होते. त्याच वर्षी सातवे पायस यांनी प्राचीन कलावस्तू राज्याबाहेर नेण्यास कडक बंदी घातली होती. खुद्द नेपोलियनचा पुतळा कानोव्हांनी घडविलेला होता. ऑगस्ट १८१५ च्या अखेरीस ते पॅरिसला पोहोचले. या 'राजदूता'ला हमालाच्या जातीचा ठरविणारी एक शाब्दिक कोटी तालेरां यांच्या नावावर सांगितली जाते. फ्रेंच भाषेत राजदूत आणि सामान बांधणारा या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळचा आहे.

कानोव्हांपुढील अडचण कायद्याची होती. इतर राजांची चित्रे उघड उघड लुटली गेली होती. पोपमहाशयांनी तर तहावर सही केली होती. फ्रेंच म्हणत, कागद पाहा. पोपच्या बाजूने उत्तर दिले गेले की हा तह लांडग्याने कोकराशी केलेला तह होता, आणि शिवाय रोमवर चाल करून फ्रान्सने तो स्वतःच मोडला आहे. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री कासलरे यांनी ही बाजू उचलून धरली. सेनापती वेलिंग्टन यांनी २३ सप्टेंबर १८१५ च्या आपल्या पत्रात असे प्रतिपादन केले की या वस्तू मूळ धन्यांना परत देण्याने फ्रेंच जनतेला एक मोठा नैतिक धडा मिळेल. ब्रिटिशांनी वाहतुकीच्या खर्चालाही हातभार लावला. एका प्रॉटेस्टंट राष्ट्राने पोपमहाशयांची चित्रे परत मिळवून द्यावी, हा इतिहासातला एक सुखद विरोधाभास आहे.

४ जानेवारी १८१६ रोजी लाओकून आणि अपोलो रोममध्ये दाखल झाले. व्हेनिसचे घोडे त्यापूर्वीच, डिसेंबरात, आपल्या जागी पोहोचले होते. परंतु सारेच काही परतले नाही. इटलीतून नेलेल्या ५०६ चित्रांची एक गणना विसाव्या शतकात झाली. तिच्यानुसार २४९ परत आली, २४८ फ्रान्समध्ये राहिली आणि ९ गहाळ झाली. नाईल नदी परतली. तिच्यासोबत सापडलेली आणि तिच्यासोबत नेलेली टायबर मात्र अजून लूव्रमध्येच आहे. व्हेनिसच्या बेनेडिक्टिन मठाच्या भोजनगृहातील व्हेरोनेझेचे 'काना गावचे लग्न' हे जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र कापून तुकड्यांनी पॅरिसला नेले होते. ते परतीचा प्रवास सोसणार नाही, असे सांगून त्याच्या बदल्यात दुसरे चित्र देण्यात आले. मठाच्या त्या भिंतीवर २००७ पासून मूळ चित्राची यंत्राच्या साहाय्याने केलेली हुबेहूब प्रतिकृती आहे.

सर्वांत करुण कथा अभिलेखागाराची. परतीच्या वाहतुकीचा खर्च अवाढव्य होता. तेव्हा 'निरुपयोगी' ठरविलेले कागद पॅरिसमध्येच रद्दी म्हणून विकण्यात आले. अनेक शतकांचा पत्रव्यवहार दुकानदारांच्या पुड्या बांधण्याच्या कामी गेला. गॅलिलिओच्या खटल्याचे कागद रोमला परत मिळाले ते १८४३ साली.

परत आले, पण कोठे?

येथवरच्या कथेत आपण फिर्यादी आहोत, आणि फिर्यादीची भूमिका नेहमीच सोयीची असते. खरा प्रश्न पुढे आहे. चित्रे रोमला आल्यावर काय झाले?

मोंतोरिओच्या फ्रान्सिस्कन बंधूंना त्यांचे 'रूपांतर' परत मिळाले नाही. व्हालिचेल्लाच्या वेदीवर आज काराव्हाज्जोच्या चित्राची प्रतिकृती आहे. मूळ चित्र व्हॅटिकनमध्ये आहे. फोलिन्योच्या धर्मभगिनींची मरियामाता, पेरूजाची राज्याभिषिक्त माता आणि संत जेरोमचे अखेरचे कम्युनियन ही सारी चित्रे पोपमहाशयांच्या नव्या चित्रसंग्रहालयात ठेवण्यात आली.

यामागील कारणे क्षुद्र नव्हती. ही चित्रे सर्वांना पाहता यावीत, अशी परत मिळवून देणाऱ्या राष्ट्रांची इच्छा होती. संग्रहालयाची कल्पना आता युरोपच्या अंगी मुरली होती. मेणबत्तीची काजळी आणि ओल यांपासून चित्रांचे रक्षण व्हावे, हाही विचार होता. फोलिन्योचे चित्र तर पॅरिसमध्ये असताना लाकडी फळीवरून कॅनव्हासवर उतरविण्यात आले होते. त्याची प्रकृती नाजूक होती. ही कारणे आपण समजून घेऊ शकतो. पण नेमकी हीच कारणे लूव्रचे अधिकारीही देत होते! 'आमच्याकडे चित्र सुरक्षित आहे, येथे ते अधिक लोक पाहतात, आम्हीच त्याची दुरुस्ती केली.' मोठ्या संग्रहालयांचे वकील आजही हेच म्हणतात. युक्तिवादाचा धनी बदलला म्हणून युक्तिवाद बदलत नाही.

वेदीवर परत नेणे अशक्य होते असेही नाही. अँटवर्पच्या लोकांनी रूबेन्सचे 'क्रुसावरून उतरविलेला ख्रिस्त' आपल्या महामंदिरात परत नेले. ते आजही तेथे आहे. लोरेटोच्या पवित्र गृहातील मरियामातेची सावळी मूर्ती फ्रेंचांनी १७९७ मध्ये पॅरिसला नेली होती. ती सातवे पायस यांच्या काळात परत मिळाली आणि पुन्हा लोरेटोच्या वेदीवर विराजमान झाली. १९२१ साली ती आगीत भस्मसात झाली, तेव्हा व्हॅटिकनच्या उद्यानातील देवदाराच्या लाकडाची नवी मूर्ती घडवून तिथे बसविण्यात आली. लाकूड नवे असले तरी भक्तांना त्याने फरक पडला नाही. कारण तेथे नाते मूर्तीच्या वयाशी नव्हते, मातेशी होते. लोरेटोला परत मिळाली ती माता. मोंतोरिओला मात्र न्याय मिळालाच नाही. तो वाटेत रोमच्या दुसऱ्या एका टेकडीवर अडकून पडला.

दशाज्ञांतील सातवी आज्ञा आपण सर्व जाणतो. संत थॉमस अक्विनस यांनी परतफेडीचा विचार न्याय या सद्गुणाच्या पोटात केला आहे. पश्चात्ताप मनात असून भागत नाही. घेतलेली वस्तू ज्याची त्याला मिळाली पाहिजे. 'ज्याची त्याला' या दोन शब्दांवर सारा भर आहे. राजाकडून राजाकडे, राष्ट्राकडून राष्ट्राकडे वस्तू परत जाते आणि सोहळा होतो. पण ती मुळात ज्या खेड्यातल्या, ज्या मठातल्या, ज्या जमातीतल्या माणसांची होती, त्यांच्या दारापर्यंत ती क्वचितच पोहोचते.

आपल्या घरचा हिशेब

कानोव्हा पॅरिसहून लंडनला गेले. तेथे त्यांनी लॉर्ड एल्गिनने अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून काढून आणलेली शिल्पे पाहिली आणि मुक्त कंठाने त्यांची प्रशंसा केली. फ्रेंचांना नैतिक धडा शिकविणाऱ्या इंग्लंडच्या संसदेने पुढच्याच वर्षी, १८१६ मध्ये, ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. ग्रीसची मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही.

पार्थेनॉनचे तीन तुकडे व्हॅटिकनमध्येही होते: एका घोड्याचे, एका मुलाचे आणि एका दाढीधारी पुरुषाचे मस्तक. पोप फ्रान्सिस यांनी ते अथेन्सच्या ऑर्थोडॉक्स आर्चबिशपांना भेट म्हणून दिले आणि २४ मार्च २०२३ रोजी ते अथेन्समध्ये सुपूर्द करण्यात आले. पुढच्याच महिन्यात पत्रकारांशी बोलताना त्यांनी याच सातव्या आज्ञेचा दाखला दिला. १९२५ च्या पवित्र वर्षात पोप अकरावे पायस यांनी रोममध्ये मिशन प्रदर्शन भरविले होते. त्यासाठी जगभरातील मिशन केंद्रांतून एक लाखाच्या घरात वस्तू आल्या. त्यांतील बऱ्याच वस्तू व्हॅटिकनमध्येच राहिल्या. त्यांतील काही खरोखर भेटी होत्या. काही वस्तू मात्र अशा काळात दिल्या गेल्या, जेव्हा देणाऱ्या आदिवासींना 'नाही' म्हणण्याचे बळच नव्हते. टोलेंटिनोच्या सहीसारखीच ही भेट. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी अशा ६२ वस्तू कॅनडाच्या धर्माध्यक्षांकडे सोपवल्या, त्या तेथील मूळ रहिवाशांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून. दोनशे वर्षांपूर्वी जे पाऊल मोंतोरिओच्या वाटेवर थबकले होते, ते आता पुढे पडते आहे.

वसईच्या परिसरातील ख्रिस्ती वाचकाला हा विषय परका वाटू नये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा आपल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीला त्या सांगितल्या जातात. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता कोरलेली आहे. त्या घंटांकडे बोट दाखविताना आपण बोरिवलीच्या मंडपेश्वराकडेही पाहावे. तेथील शैव लेण्यांत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आश्रयाने फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी प्रार्थनामंदिर थाटले होते. हिशेबाची वही उघडायची तर दोन्ही पाने उघडावी लागतात.

त्या घंटा परत मागाव्यात असे मला वाटत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे त्या देवाच्या दारी वाजत आहेत. त्या कोठल्या काचेच्या कपाटात मुक्या होऊन बसलेल्या नाहीत. वेगळ्या भाषेत का होईना, माणसाला नमस्कारासाठी बोलावण्याचे आपले काम त्या करीत आहेत. राफाएलच्या चित्राला ते भाग्य लाभले नाही. आपण मागायचे असेलच तर सत्य मागावे. जेथे अशी वस्तू असेल तेथे ती कोठून आली, कोणी आणली आणि कोणाची होती, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. लूव्रमध्ये असावे, लंडनमध्ये असावे, व्हॅटिकनमध्ये असावे आणि आपल्या गावातही असावे.

जेरीहोचा जक्कय झाडावरून उतरला तेव्हा प्रभूने त्याला हिशेब विचारला नव्हता. प्रभू त्याच्या घरी जेवायला निघाला होता, एवढेच. कोणी न विचारताच जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले, आणि तेही राजाला किंवा मंदिराला नाही. ज्यांना नाडले होते त्या माणसांना. तारण त्या दिवशी त्या घरी आले. राष्ट्रांच्या आणि संस्थांच्या घरी ते येण्याची वाटही याहून वेगळी असणार नाही.